तेलाची तार

वर्ध्यात राहून थंडीसाठी गाडीचं तेल बदलायचं म्हटलं, की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "काऊन वो मॅडम, सिमल्याले चालल्या का?" आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये हा प्रश्न मला चार जणांनी विचारला आणि चौघांनाही आपण फार मोठा विनोद केला असं वाटलं. हसोत बापडे. मी तीस वर्षं विज्ञान शिकवते आहे, हसण्यावारी नेणारे लोक मला नवीन नाहीत.

तसं त्यांचंही काही चुकत नाही म्हणा. आमच्याकडे सगळा संसार उन्हाळ्याच्या धाकानं मांडलेला असतो. घर बांधताना आधी कूलर कुठे बसेल ते बघतात, मग देव्हारा. मे महिन्यात डांबराला चप्पल चिकटते. दरवर्षी चार महिने तेच सोसल्यावर गाडीच्या बाबतीतही माणूस तेवढाच विचार करतो: इंजिन तापेल, तेल पाण्यासारखं पातळ होईल, म्हणून तेल जाडच पाहिजे. एकदा टाकलं की बारा महिने तेच. थंडी काय, दीड महिना येते, तिळगूळ खाते आणि जाते. तिच्यासाठी कोण तेल बदलत बसतो?

या जाड तेलाचे सगळ्यात मोठे भक्त आमच्याच घरात होते. आमचे हे. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले कारकून, बरीच वर्षं समुद्रपूरला. फायलींशी जेवढ्यास तेवढं, पण गाडीशी असं प्रेम की मला सवत आल्यासारखं वाटायचं. गाडी म्हणजे काय, जुनी डिझेल गाडी, आमच्याकडे आली तेव्हाच अर्धं आयुष्य जगून आलेली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिचं तेल हे स्वतः बदलायचे. मेकॅनिकला हात लावू द्यायचे नाहीत. जुना लेंगा घालून गाडीखाली शिरायचे, काळं तेल घमेल्यात सोडायचे, नवीन भरायचे आणि मग त्यांची ती परीक्षा चालायची.

परीक्षा म्हणजे अशी. इंजिनातली तेल मोजायची लांब पट्टी बाहेर काढायची. तिच्या टोकाचा थेंब उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर घ्यायचा, अंगठ्यानं चोळायचा, आणि मग बोट न् अंगठा हळूहळू अलग करायचे. मधे तेलाची तार धरते. ती किती लांब जाते, केव्हा तुटते, त्यावरून तेल कसं आहे ते सांगायचं. रव्याच्या लाडवासाठी मी पाक बघते, अगदी तस्संच. मी चिडवायची, "झाला का एकतारी? वेलची टाकू का?" हे मान वर न करता म्हणायचे, "तुले नाई समजत त्यातलं. हे बोटाचं शास्त्र हाय." जामच्या चौफुलीवर ह्यांचा एक मित्र मेकॅनिक आहे, ट्रकांची कामं करतो. तोसुद्धा डब्यावरचा आकडा न वाचता ह्यांच्या बोटांना विचारायचा. मान होता त्या बोटांना.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात एका सकाळी हे न्हाणीतून बाहेर आलेच नाहीत. दार ढकलून बघते तर भिंतीला टेकून बसलेले, तोंड वाकडं, आणि उजवं अंग गेलेलं. पुढचं सगळं सांगत बसत नाही. ज्यांच्या घरी झालंय त्यांना माहीत आहे, आणि ज्यांच्या नाही झालं त्यांच्या कधी न होवो. पाय हळूहळू परत आला, काठी घेऊन हे अंगणात फिरायला लागले. बोलणं थोडं आलं, मोजके शब्द. त्यातले दोन सगळ्यात जास्त कामाचे: 'थांब' आणि 'काऊन'. एकेकाळी अख्खी कचेरी डोक्यावर घेणारा माणूस दोन शब्दांत संसार करायला लागला. हात मात्र आला नाही.

घरी व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट पोरगी यायची, आठवड्यातून तीनदा, संध्याकाळी. हुशार, गोड बोलणारी. ती ह्यांना डोळे मिटायला लावायची आणि उजव्या तळव्यावर कधी गरम पाण्यातला चमचा ठेवायची, कधी बर्फातला. "काका, काही कळतंय?" हे मान हलवायचे, नाई. पुन्हा ठेवायची. पुन्हा नाई. मग ती हातात रबरी चेंडू द्यायची आणि दाबा म्हणायची. हे चेंडूकडे बघायचे, तिच्याकडे बघायचे आणि विचारायचे, "काऊन?"

कशासाठी. जेवण डाव्या हातानं जमायला लागलं होतं, बटणं मी लावत होते, सही पेन्शनच्या कागदापुरती अंगठ्यावर आली होती. मग उजव्या हातानं करायचं तरी काय? एके दिवशी तिनं मला फाटकाशी बाजूला घेतलं. म्हणाली, "मॅडम, हात पूर्ण मेलेला नाहीये. पण त्यांनाच तो नकोय. माणसाला आतून वाटलं पाहिजे की हा हात मला पाहिजे, तरच पुढे काही होतं. अजून वेळ गेलेली नाही, पण जात चालली आहे." त्या रात्री मी भाजी निवडता निवडता रडले. राग आला होता मला ह्यांचा, खरं सांगते. मी एवढी धडपड करते आहे आणि हा बाबा खुशाल विचारतो आहे, काऊन.

गाडी चालवायला मी एक्कावन्नाव्या वर्षी शिकले, कारण शाळा केळझरला आणि एसटीच्या वेळेवर घरातलं आजारपण चालत नाही. सकाळी ह्यांचं सगळं आवरून, शेजारच्या काकूंना सांगून निघायचं, आणि दुपारी सेलूत भाजी घेऊन परत. चालवणं जमलं. पण गाडीच्या पोटात काय चालतं त्यात मी कधी लक्ष घातलं नाही. ते खातं ह्यांचं होतं.

मागच्या डिसेंबरात ते खातं माझ्यावर आलं. थंडी अशी पडली की पहाटे तुरीच्या शेतांवर धुकं बसून राहायचं आणि लोक सात वाजेपर्यंत शेकोटी सोडायचे नाहीत. एके सकाळी किल्ली फिरवली, तर गाडी नुसती कण्हली. घ्यँऽऽ घ्यँऽऽ करून गप्प. आतून खाटेवरून आवाज आला, "थांब!" मी पुन्हा फिरवली. "थांब! थांब!" उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, ते हेच. मी तिथूनच ओरडले, "थांबून काय गाडी आपोआप सुरू होणार हाय का?" मग लक्षात आलं, डिझेल गाडीत किल्ली अर्धी फिरवली की एक पिवळा दिवा लागतो, तो विझेपर्यंत थांबायचं असतं. मी थंडीत कुडकुडत घाई करत होते. थांबले. दिवा विझला. फिरवली. तरी चार वेळा कण्हून मगच सुरू झाली, आणि सुरू झाल्यावर पहिले काही क्षण इंजिनातून असा खडखडाट आला की भांड्यांचं कपाट पडलं वाटावं.

रोज असंच व्हायला लागलं, तेव्हा एका रविवारी मी जामला गेले. मेकॅनिक भाऊंनी बॉनेट उघडलं, कान दिला आणि म्हणाले, "वयनी, बॅटरी गेली." बॅटरी बदलली. कण्हणं कमी झालं, खडखडाट तसाच राहिला. मी फोन केला, तर म्हणे, "जुनं इंजिन हाय, वयनी. आपण बी कण्हतोच नं सकाळी उठताना." मी म्हटलं, भाऊ, तेल तर नसेल जाड होत थंडीनं? तसे ते हसले. "हे काश्मीर थोडीच हाय? तिकडून येणारे ड्रायव्हर सांगतात, गाडीखाली शेकोटी पेटवा लागते म्हणून. आपल्याकडे जाडच बरं. तुमच्या साहेबाचंच तर म्हणणं हाय ते."

साहेबाचंच म्हणणं! मी गाडीच्या खणातून तिचं पुस्तक काढलं. इतक्या वर्षांत ते कुणी उघडलंच नव्हतं, पानं एकमेकांना चिकटलेली. त्यात एक तक्ता होता. डब्यावर जो आकडा असतो, वीस-डब्ल्यू-पन्नास वगैरे, त्याचा अर्थ मला तेव्हा पहिल्यांदा कळला, आणि विज्ञानाची बाई म्हणवून घ्यायची लाज वाटली. दोन आकडे असतात. डब्ल्यूच्या आधीचा थंडीतला, नंतरचा इंजिन तापल्यावरचा. आधीचा जितका लहान, तितकं तेल गार असताना लवकर वाहतं. गाडी उभी असताना तेल निथळून खाली बसतं. किल्ली फिरवली की ते वरपर्यंत चढेस्तोवर लोखंडावर लोखंड जवळजवळ कोरडं घासतं. इंजिनाची खरी झीज तेव्हाच होते, धावताना नव्हे. आमच्या गाडीत वीसचं तेल होतं. पुस्तक म्हणत होतं, गार हवेत पंधरा-डब्ल्यू-चाळीस घाला. गंमत म्हणजे तेच तेल आमच्या उन्हाळ्यालाही चालतं असं त्याच तक्त्यात लिहिलं होतं. म्हणजे इतकी वर्षं आम्ही उन्हाच्या भीतीनं गरजेपेक्षा जाड तेल घालत होतो, आणि ते म्हाताऱ्या इंजिनाचा आवाज नि धूर दाबतं म्हणून त्यालाच चांगलं म्हणत होतो.

पुस्तक ह्यांच्यापुढे धरलं. ह्यांनी तक्त्याकडे बघितलंसुद्धा नाही. "नाई," म्हणाले. "जाड." विषय संपला.

मग मीही हट्टाला पेटले. पुस्तकातलं नको असेल तर विज्ञानाच्या बाईला प्रयोग करून दाखवता येतो. जामवरून भाऊंनी पाण्याच्या बाटलीत थोडं पंधराचं तेल दिलं. वीसचं ह्यांच्या जुन्या डब्यात जिन्याखाली होतंच. दोन स्टीलच्या वाट्या घेतल्या, दोन्हीत सारखं तेल ओतलं आणि झाकून फ्रीजमध्ये ठेवल्या, दुधाच्या पातेल्याशेजारी. फ्रीजमधली थंडी आणि आमच्या अंगणातली पहाट यात त्या दिवसांत फारसा फरक नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही वाट्या ताटात ठेवून ह्यांच्या खाटेजवळ स्टुलावर मांडल्या, ताट तिरकं केलं आणि म्हटलं, "बघा आता डोळ्यानं." पंधराचं तेल लगेच काठाकडे सरकलं. वीसचं मात्र हललं तर हललं, जावयासारखं सावकाश. फरक काही आभाळाएवढा नव्हता, पण दिसत होता.

हे उठून बसले. कित्येक महिन्यांत कशासाठी म्हणून उठून बसले नव्हते. डाव्या हाताचं बोट एका वाटीत बुडवलं, अंगठ्यानं चोळलं, मग दुसरीत. कपाळाला आठ्या. पुन्हा चोळलं. मान हलवली. डावा हात माझ्यापुढे धरून म्हणाले, "याले... नाई समजत."

आणि मग ह्यांनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला, मांडीवरून स्टुलावर आणला, वीसच्या तेलाच्या वाटीच्या काठाशी ठेवला. पहिलं बोट तेलात गेलं. हे अंगठ्याकडे टक लावून बघत राहिले. घामाघूम झाले, डिसेंबरात. किती वेळ गेला सांगता येणार नाही, गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला आणि त्याचा आवाज पार चौकापर्यंत विरून गेला, तोवर बघतच होते. मग अंगठा हलला. सरकत सरकत येऊन बोटाला लागला. चोळलं म्हणता येणार नाही, पण लागला. अलग झाला. मधे तार धरली आणि तुटली.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जाड... चांगलं."

आता इथे दुसरी कुठलीही बाई असती तर तिनं काय केलं असतं? मी काय केलं ते सांगते. मी रोज सकाळी 'थांब' ऐकून पिकले होते, माझा प्रयोग माझ्यासमोर यशस्वी झाला होता आणि हा माणूस अजून आपलंच घोडं पुढे दामटत होता. मी फाडकन बोलले, "काय चांगलं? अहो, तुमच्या बोटाच्या ऊबेनं ते तेल केव्हाच पातळ झालं. थंडीतलं तेल गरम बोटांनी काय कळणार? ही परीक्षाच खोटी. इतकी वर्षं खोटीच होती."

ह्यांनी हात मागे घेतला. उचलून घेतला डाव्या हातानं, बनियनला पुसला आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

मी विजयानं वाट्या उचलल्या आणि मोरीत जाऊन घासायला बसले. तेलकट वाट्या, राखेनं घासाव्या लागल्या. घासता घासता माझा हात थांबला. अंगठा हलला होता. दीड वर्षात ज्या अंगठ्यासाठी देव पाण्यात ठेवले, तो माझ्या डोळ्यांसमोर हलला होता, आणि मी त्याला म्हटलं होतं, खोटं. माझी जीभ! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मला तर वाटलं मेल्यावरही माझी जीभ चितेवरून दोन शब्द सुनावेल.

त्या संध्याकाळी फिजिओच्या पोरीला सांगितलं. आधी तिचा विश्वास बसेना. मग आनंदानं टाळी वाजवायला हात उचलले आणि पुढचं ऐकून तेच हात कपाळावर मारले. "मॅडम, अहो, तेवढ्यापुरतं हो म्हणायचं ना!"

म्हणून बघितलं. दुसऱ्या दिवशी वाट्या घेऊन गेले, गोड आवाज काढला, "बघा बरं पुन्हा, मला वाटते तुमचंच बरोबर असन." ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी शरमले. तेहतीस वर्षांच्या संसारात मी कधी अशी पटकन हार मानली आहे? ह्यांना कळतं की. "नाई," म्हणाले. चेंडू दिला, तर तो खाटेखाली ढकलून दिला. पुढचे चार-पाच दिवस तर 'थांब'सुद्धा ऐकू आलं नाही. गाडी कण्हायची, मी आतल्या आवाजाची वाट बघायची, आणि आत काही नसायचं. ते गप्प राहणं मला सोसवेना.

तेल तर बदलायला आलंच होतं. एका शनिवारी सकाळची शाळा करून तशीच जामला निघाले. केळझरहून जाम काही जवळ नाही, विचार करायला पुष्कळ रस्ता होता. सरळ गोष्ट होती. जाड तेल भरलं की हे जिंकतील. घरी जाऊन सांगायचं, तुमच्या म्हणण्याप्रमाणे केलं. कदाचित खुश होतील, कदाचित हात पुन्हा पुढे येईल. इंजिन थोडं झिजलं तर झिजलं, ते काय ह्यांच्या हातापेक्षा मोठं आहे? सिंदी फाट्यापर्यंत मी जाड तेलच भरणार होते.

पण मग मनात आलं, ह्यांनी मला कधी असं जिंकू दिलं का? कधीच नाही. कॅरमसुद्धा माझ्याविरुद्ध जीव तोडून खेळायचे. दया येऊन दिलेला मार्क वर्गातल्या पोरांनाही कळतो. ज्याला मिळतो त्याला तर सगळ्यात आधी कळतो, आणि तो पुढच्या वेळी अभ्यास करत नाही. ज्या माणसाशी भांडायचंच सोडून दिलं, त्याला आपण संपलेला म्हणून बाजूला ठेवलं. मी ह्यांना कपडे घालत होते, भरवत होते, पुसत होते. निदान भांडण तरी बरोबरीचं राहू द्यावं. चूक असेल माझी, पण मला तेव्हा तसंच वाटलं.

"कोणतं टाकू, वयनी?" भाऊंनी विचारलं.

"पंधराचं," मी म्हटलं.

त्यांनी घमेलं गाडीखाली सरकवलं आणि खालचा नट सैल केला. मग म्हणाले, "त्याले सांगजा मात्र. लपवजा नका."

सांगितलं. घरी येऊन समोर उभी राहिले आणि म्हटलं, "पातळ टाकलं. मला तेच बरोबर वाटते. तुम्हाले नसन पटत तर सिद्ध करून दाखवा." ह्यांनी ऐकलं. पांघरूण अंगावर ओढून घेतलं.

सोमवारी गाडी दुसऱ्याच किल्लीला सुरू झाली. खडखडाट होता, पण लगेच विरला. मला आनंद व्हायला हवा होता. मी खिडकीकडे बघितलं, पडदा हललासुद्धा नाही. केळझरपर्यंत मी स्वतःला शिव्या घालत गेले. हा शहाणपणा मला महागात पडणार, असं वाटत होतं.

संक्रांत होऊन गेली, तरी थंडी हटेना. त्यानंतरच्या एका रविवारी मी जरा उशिरा उठले, म्हणजे साडेसहाला. बघते तर ह्यांची खाट रिकामी. काठी नाही. न्हाणीत नाही, संडासात नाही. अनवाणीच अंगणात धावले.

गाडीचं बॉनेट उघडं होतं. एका हातानं ते कसं उघडलं, देव जाणे. हे बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेले, अंगात नुसता बनियन आणि खांद्यावर माझी शाल. तेल मोजायची पट्टी मांडीवरच्या वर्तमानपत्रावर. आणि पायाशी बादली. सिमेंटच्या टाकीतल्या पाण्यानं काठोकाठ भरलेली. रात्रभर उघड्यावर पडलेलं ते पाणी, त्यात मी सकाळी पेलासुद्धा बुडवत नाही. त्या पाण्यात ह्यांनी उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत घातला होता.

"अगं बाई! डोकं फिरलं का तुमचं?" मी किंचाळले. "एवढ्या थंडीत हे काय करून राह्यले? निमोनिया होईन नं!"

"थांब," हे म्हणाले.

किती दिवसांनी ऐकला तो शब्द! मी थांबले.

ह्यांनी डाव्या हातानं उजवा हात बादलीतून वर घेतला. निथळू दिला. शालीला टिपला. मग पट्टी उचलून तिच्या टोकाचा थेंब उजव्या बोटावर घेतला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की हे काय चाललं आहे. मी म्हटलं होतं, गरम बोटांना थंडीतलं तेल कळत नाही. माणसानं बोटंच गार करून आणली होती. अंगठा आला. मागच्यापेक्षा लवकर आला, की मलाच तसं वाटलं, ठाऊक नाही. चोळलं. या वेळी खरंच चोळलं, एकदा, दोनदा. अलग केलं. तार धरली. हे डोळे बारीक करून बघत राहिले.

"हे बी... जाड," म्हणाले.

खरंच होतं ते. गार बोटांवर, गार तेल. "बरोबर," मी म्हटलं. "थंडीत पंधराचं बी जाड होते. पहिलं याच्याहून जाड होत होतं, एवढंच माझं म्हणणं."

हे विचारात पडले. मान हलवली, हो की नाही ते कळू दिलं नाही. आणि तोंड आवळून हात छातीशी धरला, तसा मला पुन्हा राग आला. हात निळसर पडला होता.

"किती वेळचे बसले असे?"

"झोंबते," हे म्हणाले.

"झोंबणारच! टाकीचं पाणी हाय ते. मंग काढायचा नं बाहेर, कोणी धरून..."

आणि माझं तोंड तिथेच बंद झालं. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा वाक्याच्या मधेच बंद झालं असेल. पाण्यात डावा हात नव्हताच, होता तो बर्फातला चमचाही न कळणारा उजवा. मी ओल्या फरशीवर ह्यांच्या पायाशी बसले.

"कोणता?" मी विचारलं. "कोणता हात झोंबते?"

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की एवढं सोपं बाईला कळू नये म्हणजे कमाल आहे. मग तो तेलकट, निळा हात डाव्या हाताची मदत न घेता छातीवरून सुटला, मधेच अडला, थरथरला, आणि सावकाश येऊन माझ्या गालाला लागला. बर्फ होता नुसता.

"थंड?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. भांडण वगैरे काही सुचलं नाही.